‘जस्ट अ जिगोलो’ मूळ कुणाचं, आणि ते गायचं कसं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे गफलत नको. तुमच्या हौशी बँडला एका घरगुती समारंभात ‘जस्ट अ जिगोलो’ बसवायचं आहे. तुमच्या गायकानं अमेरिकन रॉक गायक डेव्हिड ली रॉथचं ऐकलंय, ड्रमर म्हणतो लुई प्रीमाचंच खरं, आणि आता कुणी सांगितलं की हे मुळात जर्मन टँगो आहे. त्यात जिगोलो म्हणजे पैसे घेऊन बायकांना साथ देणारा पुरुष, म्हणून घरातल्या एका मावशींनी नुसतं नाव ऐकून ‘असलं गाणं कशाला’ म्हटलं. म्हणून तुम्ही विचारताय की मूळ कुठलं, टँगोतच वाजवावं का, आणि मावशींना काय सांगावं.

मी ३१ वर्षं मुंबईत हॉटेलांच्या लॉबीत आणि डान्स फ्लोअरवर पियानो वाजवला. या काळात हे गाणं किती वेळा वाजवलं त्याची मोजदाद नाही. फर्माइशीच्या चिठ्ठीवर ते हमखास असायचं. त्या अनुभवावरून सांगतो, ‘मूळ कुठलं’ याचं उत्तर एका ओळीत देता येतं, पण त्यानं तुमचं काम होणार नाही. तुमचा खरा प्रश्न त्याखाली दडलाय: या गाण्यात बोलतंय कोण, आणि कुणाशी? तेवढं ठरलं की ठेका, लय, गायकाचा चेहरा, सगळं आपोआप ठरतं. आणि गंमत अशी की मूळ गाण्यात आणि इंग्रजी गाण्यात बोलणारा माणूसच वेगळा आहे.

आधी ती एक ओळ. मूळ गाणं ‘श्योनर गिगोलो, आर्मर गिगोलो’, म्हणजे ‘देखणा जिगोलो, बिचारा जिगोलो’. शब्द व्हिएन्नाच्या यूलियुस ब्रामरचे, चाल लेओनेलो कासुची या इटालियन संगीतकाराची, आणि ते १९२९ मध्ये व्हिएन्नात प्रसिद्ध झालं. तेव्हा ‘जर्मन टँगो’ म्हणताना जरा जपून. शब्द ऑस्ट्रियन माणसाचे, चाल इटालियन माणसाची, नाच अर्जेंटिनातून आलेला आणि ‘जिगोलो’ हा शब्द फ्रेंच. जर्मन आहे ती भाषा.

ब्रामर काही किरकोळ गीतकार नव्हता. आल्फ्रेड ग्र्युनवाल्डबरोबर तो ऑपेरेटांची संहिता लिहायचा. ऑपेरेटा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा दूरचा भाऊ समजा: संवाद, पदं, नाच, प्रेमप्रकरण, गोड शेवट. संगीतकार एमेरिख काल्मानची १९२४ ची ‘ग्रेफिन मारित्सा’ या जोडीनं लिहिली. तिचा नायक तासिलो हा कर्जात बुडालेला उमराव. तो नाव बदलून एका श्रीमंत जमीनदारणीकडे कारभारी म्हणून नोकरी करतो. शेवटी एक श्रीमंत मावशी येऊन त्याची इस्टेट सोडवते आणि लग्न लागतं. हे मुद्दाम सांगतोय. चांगले दिवस संपलेला आणि पगारावर राहणारा खानदानी माणूस ब्रामरच्या डोक्यात आधीपासून होता. ऑपेरेटात त्यानं त्या माणसाला वाचवलं. तीन मिनिटांच्या टँगोत वाचवायला कुणीच येत नाही.

आता शब्द बघू. भाषांतर करत नाही, मतलब सांगतो. कुणीतरी त्या जिगोलोला ‘तू’ म्हणून समजावतंय. सुरुवातीच्या कडव्यात त्याचा जुना रुबाब येतो: एकेकाळचा लेफ्टनंट, पटाईत घोडेस्वार, बायकांची मनं जिंकणारा. मग धृपद: ते दिवस आठवू नकोस, जेव्हा तू हुसार होतास, अंगावर सोनेरी गोफ होते, रस्त्यातून घोड्यावरून मिरवत होतास. वर्दी गेली, प्रेयसीही निघून गेली, ते सुंदर जग चिंध्या होऊन गेलं. काळीज फुटलं तरी चेहरा हसरा ठेव. लोक पैसे मोजतात आणि तुला नाचायलाच हवं.

हुसार म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेतलं हलकं घोडदळ. छातीवर आडवे गोफ शिवलेला त्यांचा डगला सगळ्या युरोपात ओळखला जायचा. १९१८ च्या नोव्हेंबरात ते साम्राज्य कोसळलं. १९१९ च्या तहानं उरलेल्या चिमुकल्या ऑस्ट्रियाला ३०,००० माणसांपेक्षा मोठं सैन्य ठेवायला बंदी केली, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रियानं कायद्यानं सरदारकीच्या पदव्या रद्द केल्या. पाठोपाठ महागाईनं पैसा खाल्ला. १९२५ मध्ये नवं नाणं, शिलिंग, चलनात आलं तेव्हा एका शिलिंगला १०,००० जुन्या क्रोनन मोजाव्या लागल्या. ज्यांचं पेन्शन, शिल्लक, युद्धरोखे जुन्या क्रोननमध्ये होते, त्यांच्या हातात कागद उरला. अशा अधिकाऱ्याला येत काय होतं? घोडा, तलवार, अदब आणि नाच. घोडा आणि तलवार कुणाला नको होती. नाच हवा होता.

कारण महायुद्धात लाखो पुरुष मेले होते, आणि व्हिएन्ना-बर्लिनच्या हॉटेलांत दुपारच्या चहाच्या वेळी नाच ठेवायची पद्धत पडली होती. एकट्या आलेल्या बायकांना जोडीदार हवा, म्हणून हॉटेलं पुरुष नर्तक नेमत. जर्मनमध्ये त्यांना ‘आइनटेन्त्सर’ म्हणत. हे नुसतं गाण्यातलं पात्र नाही. पुढे हॉलिवूडचा मोठा दिग्दर्शक झालेला बिली वाइल्डर विशीत असताना बर्लिनच्या एडन हॉटेलात हेच काम करत होता. तो पेशानं बातमीदार. १९२७ च्या जानेवारीत त्यानं बर्लिनच्या एका दैनिकात या नोकरीवर लेखमाला लिहिली. तिच्या मथळ्याचा अर्थ असा: ‘वेटर, एक नर्तक आणा!’ जेवणाच्या ऑर्डरसारखी माणसाची ऑर्डर. ब्रामरचा टँगो आला तो यानंतर दोन वर्षांनी, तेव्हा ऐकणाऱ्याला काही समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानं तो माणूस शेजारच्या टेबलापाशी उभा पाहिलेला होता.

आणि टँगोच का? वॉल्ट्झ का नाही? मला फार वर्षांनी उलगडलं ते सांगतो. १९१३ मध्ये टँगोचं वेड पॅरिसहून सगळीकडे पसरलं तेव्हा जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मनं फर्मान काढलं होतं की अधिकाऱ्यांनी वर्दीत टँगो नाचायचा नाही. वर्दीची अब्रू जाते म्हणून. म्हणजे तो काळ असा होता की टँगो हा नाच आणि लष्करी डगला एका अंगावर चालत नव्हते. सोळा वर्षांनी ब्रामरनं वर्दी उतरलेल्या माणसाला नेमका टँगोच दिला. आता नाचायला बंदी करणारा सम्राट उरला नव्हता, आणि नकार देण्याची ऐपतही उरली नव्हती. हे ब्रामरनं ठरवून केलं असं मी म्हणत नाही. टँगोची तेव्हा लाटच होती. पण १९२९ च्या श्रोत्याला ते फर्मान आठवत असणार.

वर्दीच्या त्या ओळीपाशी मी दरवेळी थांबतो, त्याचं एक कारण माझं स्वतःचं आहे. आमच्या बँडला हॉटेलनं पांढरे कोट दिले होते, बाहीवर सोनेरी पट्टी. सतरा वर्षं आम्ही ते घातले. एका वर्षी व्यवस्थापनानं बँड बंद करून स्पीकर लावायचं ठरवलं. शेवटच्या रात्री वाजवून झाल्यावर आम्ही पाच जण लाँड्रीच्या खिडकीपाशी रांगेत उभे राहिलो, कोट काढून दिले, रजिस्टरवर सही केली. आमचे सॅक्सोफोनवाले सर, मूळचे गोव्याचे, तेव्हा ६८ वर्षांचे होते. त्यांनी कोटाची घडी घातली, बाहीची पट्टी वर येईल अशी ठेवली आणि काही न बोलता खाली उतरले. तोवर मी हे गाणं हसतखेळत वाजवत होतो. नंतर तसं कधी जमलं नाही.

आता इंग्रजीकडे. ते शब्द न्यूयॉर्कच्या आयर्विंग सीझरचे. ‘टी फॉर टू’ हे गाणंही त्याचंच, म्हणजे माणूस कसबी. दुसऱ्याच्या चालीवर शब्द बसवणं हे आपल्याला काही नवं नाही. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडा, प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून कुठल्या तरी दुसऱ्या गाण्याचं नाव छापलेलं असतं. कर्नाटकी पद, लावणी, साकी, हिंदुस्थानी चीज, जे हाताला लागेल ते. सीझरनं तेच केलं, आणि किती काटेकोर केलं ते मोजून बघा. जर्मन धृपदाची पहिली ओळ पाच अक्षरांची, दुसरी पाच, तिसरी आठ: श्यो-नर-गि-गो-लो, आर-मर-गि-गो-लो, मग लांब ओळ. पुन्हा पाच, पाच, आठ. इंग्रजीतही पाच, पाच, आठ. शिवाय ‘गिगोलो’च्या शेवटच्या ‘ओ’शी जुळणारं यमकही त्यानं सांभाळलं. चालीचा एकही सूर हलवावा लागला नाही.

पण अर्थ हलवला. पहिला बदल ठिकाणाचा. व्हिएन्नाचा हुसार गेला, पॅरिसच्या कॅफेत बसलेला फ्रेंच युद्धवीर आला, ज्याच्याकडे दोन-चार स्वस्तातली पदकं सोडून काही उरलेलं नाही. याचं कारण समजण्यासारखं आहे. अमेरिकन श्रोत्याला ऑस्ट्रियाचं घोडदळ कुठून कळणार? पॅरिसचा कॅफे मात्र डोळ्यांपुढे लगेच उभा राहतो.

दुसरा बदल जास्त खोल आहे. सीझरच्या धृपदात ‘तू’ नाही, ‘मी’ आहे. जिगोलो स्वतः बोलतो: मी जातो तिथे लोकांना ठाऊक असतं मी काय सोंग करतोय ते, दर नाचाचे पैसे मिळतात. आणि मग ज्या ओळीमुळे हे गाणं शंभर वर्षं टिकणार, ती येते: एक दिवस तारुण्य सरेल, मग माझ्याबद्दल लोक काय म्हणतील? म्हणतील, एक जिगोलो होता, आणि जग माझ्यावाचून चालत राहील.

इथे नीट लक्ष द्या. जर्मन गाण्याचं दुखणं मागे आहे, इंग्रजी गाण्याचं पुढे. ब्रामरचा माणूस जे होतं ते आठवून तुटतो, म्हणून त्याला कुणीतरी सांगतंय, आठवू नकोस. सीझरचा माणूस जे होणार आहे त्याला घाबरलाय. एकाला इतिहासानं मारलंय, दुसऱ्याला वय मारणार आहे. माझ्या मते जर्मन गाणं जास्त मोठं आहे, कारण त्यात एका माणसाच्या मागे अख्खं बुडालेलं जग दिसतं. पण इंग्रजी गाणं देशोदेशी फिरू शकलं ते सीझरमुळेच. हुसार नसलेल्या देशातही म्हातारपण असतंच.

थोडक्यात इथवर: व्हिएन्नात ‘तू’ आणि ‘काल’, न्यूयॉर्कमध्ये ‘मी’ आणि ‘उद्या’, चाल तीच. पुढचा बदल चालीचा आणि ठेक्याचा आहे.

जर्मनीत हे गाणं अनेक वाद्यवृंदांनी लगोलग वाजवलं. डायोश बेलाच्या वाद्यवृंदाची, कुर्ट म्यूलहार्ट या गायकाची तबकडी सुरुवातीच्यांपैकी. त्या काळच्या नाचाच्या तबकड्यांची एक रीत लक्षात ठेवा. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची आणि तबकडी विकली जायची ती नाचण्यासाठी. म्हणून बहुतेक वेळ वाद्यं वाजत, आणि गायक मधेच येऊन बऱ्याचदा फक्त धृपद म्हणून जाई. गोष्ट सांगणारं सुरुवातीचं कडवं असं पहिल्यापासूनच मागे पडत गेलं. अमेरिकेतही हळूहळू तेच झालं. १९३१ मध्ये बिंग क्रॉस्बी, टेड लुईस आणि इतरांनी ते गायलं, लुई आर्मस्ट्राँगनं त्याच वर्षी जॅझमध्ये आणलं. कडवं सुटलं की हुसारही सुटला, पॅरिसचा शिपाईही सुटला. उरला नुसता ‘जिगोलो’ हा शब्द, आणि प्रत्येकानं त्यात आपल्याला हवा तो माणूस घातला. तुमच्या मावशींना जो दिसतोय तो याच वाटेनं आलाय.

लुई प्रीमा हा न्यू ऑर्लिन्सचा, सिसिलीहून आलेल्या घराण्यातला ट्रंपेटवादक. त्यानं १९४० च्या दशकात याला दुसरं एक गाणं जोडलं, ‘आय एन्ट गॉट नोबडी’. ते १९१० च्या दशकातलं अमेरिकन गाणं, मूळ टँगोशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण जोड पक्की बसली: पहिलं संपतं ‘जग माझ्यावाचून चालेल’वर, दुसरं सुरू होतं ‘मला कुणीच नाही’वर. पुढे १९५४ पासून प्रीमा लास व्हेगासच्या सहारा हॉटेलच्या लाउंजमध्ये मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत कार्यक्रम करायचा. जुगाराच्या टेबलांपासून उठून आलेले लोक, हातात ग्लास, कुणी बसणार, कुणी निघणार. अशा श्रोत्यांना धरून ठेवायला टँगो उपयोगाचा नाही. सॅक्सोफोनवादक सॅम बुटेरानं याची नवी अ‍ॅरेंजमेंट बांधली: उड्या मारणारा शफल, म्हणजे झुलता ठेका, मागून वादकांचे ओरडून जबाब. १९५६ मध्ये कॅपिटल कंपनीच्या ‘द वाइल्डेस्ट!’ या तबकडीत तेच पहिलं गाणं म्हणून आलं. डेव्हिड ली रॉथनं १९८५ मध्ये जे गायलं ते जवळजवळ सगळं याच बांधणीवर. ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १२ व्या क्रमांकापर्यंत चढलं. तेव्हा तुमचा गायक आणि ड्रमर भांडतायत ते एकाच घराच्या दोन खोल्यांवरून.

कधीकधी लोक म्हणतात, प्रीमानं गाण्याची वाट लावली. मला ते पटत नाही. रात्रभर पैसे मोजणाऱ्यांसमोर हसरा चेहरा ठेवून नाचायचं, हेच तर मूळ गाण्याच्या शेवटच्या ओळीत आहे. प्रीमा पहाटे चार वाजता तेच करत होता. त्याचं गाणं दुःख सांगत नाही. पण हसऱ्या चेहऱ्याआडचं ऐकायची तयारी असेल, तर ते ऐकू येतं. उलट टोकाला जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक. त्यानं हे एकट्या पियानोवर वाजवलंय, शब्दांवाचून, अडखळत चालल्यासारखं. माझ्या विद्यार्थ्यांना मी आधी तेच ऐकवतो. आणि १९७८ मध्ये याच नावाचा चित्रपट आला, त्यात जर्मनीत जन्मलेल्या अभिनेत्री मार्लेन डीट्रिखनं हे गाणं म्हटलंय. सत्तरी ओलांडलेली बाई, तिनं सोडलेल्या जर्मनीचं गाणं, इंग्रजीतून. अभिनेत्री म्हणून तिचा तो शेवटचा चित्रपट. गायकाला नक्की ऐकवा.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ब्रामर ज्यू होता. १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळल्यावर त्याला व्हिएन्ना सोडून फ्रान्स गाठावं लागलं, आणि १९४३ मध्ये तो दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर, ज्वान-ले-पँ गावी वारला. डायोश बेलाही ज्यू. हिटलर सत्तेवर आल्यावर तो बर्लिनमधून बाहेर पडला आणि अखेर अर्जेंटिनात स्थायिक झाला, टँगोच्या माहेरी. त्याच जगातला आणखी एक माणूस आपल्याकडे आला होता. बोहेमियात जन्मलेला, बर्लिनमध्ये शिकलेला संगीतकार वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे रेडिओवर पाश्चात्त्य संगीत सांभाळू लागला. सकाळी आकाशवाणी सुरू होताना वाजणारी ओळखधून त्याच्याच नावानं ओळखली जाते. मुंबईत ताजमहाल हॉटेलच्या नाचाच्या रात्री त्या दशकांत गोव्याचे वादक रंगवत होते. मिकी कोरियांचा बँड १९३९ पासून तिथे होता, आल्दोनाचे चिक चॉकलेट ट्रंपेट वाजवायचे. युरोप-अमेरिकेत चाललेली नाचाची गाणी छापील नोटेशनमधून या मंडळींच्या हाती यायची. माझे सॅक्सोफोनवाले सर याच परंपरेत शिकले, आणि मला हे गाणं मिळालं ते त्यांच्या पिवळ्या पडलेल्या कागदावरून. वर इंग्रजी नाव होतं, खाली बारीक अक्षरात जर्मन.

आता तुमचा कार्यक्रम. टँगोत वाजवावं का, हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या मला इथून दिसत नाहीत: गायकाचं वय आणि आवाज, तुमच्याकडची वाद्यं, आणि लोक त्या वेळी बसलेले असतील की जेवणाच्या रांगेत.

लोक उभे, गप्पा चालू, मुलं पळतायत असं असेल तर प्रीमाची बांधणी घ्या आणि मनात अपराधी वाटून घेऊ नका. मात्र तिला मागून जबाब देणारे चार आवाज लागतात आणि निदान एक फुंकायचं वाद्य. नुसत्या गिटारवर ती पोकळ वाटते. ड्रमरला सांगा, हा ठेका तिश्र अंगाचा आहे: प्रत्येक मात्रेचे तीन भाग धरायचे आणि मधला गाळायचा. सरळ वाजवला तर गाणं धावतं, पण झुलत नाही.

लोक बसून ऐकणार असतील, आणि गायक चाळिशीपुढचा असेल, तर टँगो. विशीतल्या मुलानं ‘तारुण्य सरेल’ म्हटलं तर ते पाठ केल्यासारखं वाटतं. त्याला जर्मन बाजूचा ‘तू’ जास्त शोभेल, कारण तिथे गाणारा दुसऱ्याची गोष्ट सांगतो. गायक जर्मन बोलत नसेल तर उच्चार घोकून म्हणायला लावू नका. इंग्रजी कडवं परत आणा, त्यातही सांगणारा बाहेरचाच असतो. हे कडवं ठेक्याशिवाय, बोलल्यासारखं, फक्त पियानो किंवा गिटारच्या सुटत्या कॉर्डवर घ्या. धृपद आलं की ठेका सुरू.

हा ठेका अर्जेंटिनी टँगोइतका वळणांचा नाही. मध्य युरोपातला टँगो बराचसा कवायतीसारखा चालतो: चार मात्रा, चारही तुटक, आणि सम यायच्या आधी अर्ध्या मात्रेचा छोटा धक्का. माजी घोडेस्वाराला तो शोभतोही. लय मिनिटाला ११० ते १२० मात्रा ठेवा, त्याखाली गेलात तर रडगाणं होतं. अकॉर्डियन नसेल तर हार्मोनियम चालेल, मी लावून पाहिलंय. भात्याचा दाब प्रत्येक मात्रेला तोडायचा, सूर लांबवायचा नाही. टँगोचं खास वाद्य, बँडोनियन, हेही शेवटी भात्याचंच, आणि तेही जर्मनीतलं, क्रेफेल्डच्या हाइनरिख बान्डच्या नावावरून. समुद्र ओलांडून ते अर्जेंटिनात गेलं आणि तिथे टँगोचा आवाज झालं.

दोन्ही करायचा मोह होईल: एकदा टँगो, मग प्रीमा. आम्ही अनेकदा केलं, लोकांना आवडतं. पण क्रम उलटा करू नका. नाचत्या ठेक्यानंतर टँगोवर आलात तर श्रोते तोवर हसण्याच्या तयारीत गेलेले असतात आणि गाणं पडतं. टँगोनंतर शफल आला की ऐकणाऱ्याला त्या उत्साहामागचा माणूस माहीत असतो.

हक्कांचंही पाहून घ्या. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि सीझर १९९६ पर्यंत जगला. घरच्या मंडळींत गाणं वेगळं. सभागृह भाड्यानं घेऊन तिकीट लावणार असाल तर सभागृहवाल्यांनी सादरीकरणाचा परवाना घेतलाय का, ते विचारा.

राहिल्या मावशी. त्यांना खोटं सांगू नका. या शब्दाला आज जो वास येतो तो तेव्हाही थोडा होताच, आणि भाड्यानं नाचणाऱ्याकडे त्या काळचे लोकही खालच्या नजरेनंच पाहायचे. ब्रामरनं ती नजर ओळखून मुद्दाम त्या माणसाच्या बाजूनं लिहिलं. मावशींना सांगा, हे युद्ध हरलेल्या, नोकरी गेलेल्या एका फौजी माणसाचं गाणं आहे, ज्याला पोटासाठी परक्यांसमोर नाचावं लागतं. कार्यक्रमातही गाण्याआधी एवढी दोन वाक्यं मराठीत बोला. मी शेवटची काही वर्षं तसंच करायचो. त्यानंतर या नावावर हसताना मी कुणाला पाहिलं नाही.

पट्टीचं तेवढं बघा. शेवटच्या ओळी गायकाला ताणून गाव्या लागत असतील तर गाणं सरळ दोन स्वर खाली आणा, ट्रंपेटवाल्याची कुरकुर झाली तरी चालेल. ‘जग माझ्यावाचून चालेल’ हे शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला सांगावं इतक्याच आवाजात यायला हवं.